गुडघ्याची पुडी

महिनाभरात दुर्गाबाईंचा चेहरा भरला, म्हणून सगळं घर खूश होतं. पोटात कॅन्सरची गाठ असलेली बाई दोन पोळ्या जास्त खात होती, दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढून गच्चीवर जात होती. अकोल्यात नर्स असलेली माया सुट्टी घेऊन अमरावतीला आली, आईचं गोल तोंड पाहून दारातच थबकली. ही गोलाई तिने वॉर्डात पुष्कळदा पाहिली होती.

त्याच संध्याकाळी मुंबईची गाडी होती. आईच्या रक्तातल्या लढाऊ पेशी काढून, त्यांना गाठ ओळखायला शिकवून, पुन्हा तिच्याच अंगात सोडायच्या होत्या. रक्ताच्या कॅन्सरवर ही युक्ती चालली होती, पण घट्ट गाठीत पेशी शिरता शिरत नाहीत. म्हणून नव्या तऱ्हेच्या पेशींची चाचणी होती, आणि तीत एकच जागा उरली होती.

"आई, काय घेऊन राहिली तू?"

"काई नाई वं. गुडघ्याची पुडी. परतवाड्याहून आनली."

मायाने पुडी उघडली. पांढरी भुकटी. चेहरा असा सुजवणारं, जडीबुटीच्या नावाखाली विकलेलं स्टेरॉइड! लढाऊ पेशींना झोपवणारं नेमकं तेच औषध. तिने मुंबईच्या डॉक्टरांना सांगायला फोन उचलला.

"सांगू नको, माया! नंबर गेला तं मी गेली."

"अन् नाई सांगितलं तं झोपलेल्याच पेशी काढतीन तुह्या!"

मायाने फोन लावला. दारात भाऊ धर्मेंद्र उभा होता, पांढराफटक. दर आठवड्याला परतवाड्याला जाणारा घरात तोच एकटा.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. गाडीत बसू नका, म्हणाले. औषध एकदम थांबवलं तर जिवावर बेतेल, हळूहळू उतरवावं लागेल. तोवर जागा दुसऱ्या पेशंटला जाईल. पुढची कधी निघेल, सांगता येत नाही.

"पुडी दिली कोणी त्यांना?" त्यांचा आवाज चढला.

मायाने भावाकडे पाहिलं. नाव तिच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात दुर्गाबाईंनी तिच्या हातातून फोन ओढून घेतला.

"म्याच आनली, डॉक्टरसाहेब. पोरं नको म्हनत होते, म्या आयकलं नाई."

धर्मेंद्र भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. दुर्गाबाईंनी फोनवर हात ठेवला आणि त्याला दटावलं, "चूप! त्याईले आयकू जाईन."