पाटराखे, मुक्काम अबुधाबी

मी एक जुने आडनाव आहे. पाटराखे. मित्रांनो, तुम्ही मला कधी ऐकले नसेल, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. दोष कोणाचा ते मी सांगणारच आहे. अकरा वर्षे मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते. आता नाही.

माझा जन्म कोकणात, एका सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, पायथ्याशी झाला. वरच्या झऱ्याचे पाणी पाटाने खाली यायचे आणि नारळी-पोफळीच्या अकरा बागांना पाळीपाळीने मिळायचे. पाळी मोजायला घड्याळ नव्हते. पाटाच्या तोंडाशी एक माणूस बसायचा. त्याच्यापुढे पाण्याने भरलेले घंगाळ असे आणि त्यात एक तांब्याची वाटी तरंगत असे. वाटीच्या तळाला सुईएवढे भोक. त्यातून पाणी शिरून वाटी बुडाली की एक घटका झाली. मग हा माणूस उठायचा, एका बागेचे पाणी बंद करायचा आणि दुसरीकडे सोडायचा. एका उन्हाळ्यात झरा आटत आला. पाळी त्याच्या सख्ख्या भावाच्या बागेची होती. वाटी बुडाली तेव्हा भावाची निम्मी झाडे कोरडीच होती. भाऊ म्हणाला, "जरा थांब की." हा थांबला नाही. भाऊ पुढे दोन वर्षे त्याच्याशी बोलला नाही, पण त्या दिवसापासून गाव त्याला पाटराखे म्हणू लागले. नंतर कधीतरी मोजणीचा साहेब आला आणि त्याच्या कारकुनाने मला शाईने वहीत लिहिले. मला कोणी इनाम म्हणून दिले नाही की कोणी विकत घेतले नाही. मला त्या माणसाने कमावले. एवढे ध्यानात ठेवा, म्हणजे माझा राग तुम्हाला कळेल.

त्यानंतर माझे कामाचे दिवस सुरू झाले. शाळेच्या हजेरीत मी, लग्नपत्रिकेत मी, पोस्टमनच्या तोंडी मी. गावात भांडण झाले की लोक म्हणायचे, "पाटराख्यांना बोलवा, ते सांगतील ते माप." हे ऐकले की माझी छाती फुगायची. तशी माझी माणसे थोडीच. पण जिथे होती तिथे मला पुढे करून उभी राहायची, मला मागे लपवून नाही.

मग १९९१ साल उजाडले आणि माझी माती झाली.

धनंजय वासुदेव पाटराखे हा सव्वीस वर्षांचा मुलगा अबुधाबीला निघाला. एका काँट्रॅक्टिंग कंपनीत पंप ऑपरेटरची नोकरी होती. घरी बायको कुमुद आणि तीन वर्षांची अपूर्वा. पासपोर्टसाठी त्याने मुंबईचा एक एजंट गाठला. एजंट पान चघळत म्हणाला, "अरे, तिकडे माणसाचं नाव आणि बापाचं नाव, एवढंच बघतात. आडनाव कशाला लावतोस? लांब नाव असलं की लेबर कार्ड अडकतं. शेवटचं राहू दे, चालतं." आणि धनंजयने काय केले असेल? त्याने मान हलवली. मला घडवायला एका माणसाने सख्ख्या भावाशी वैर घेतले होते, आणि मला टाकायला एक मान हलवणे पुरले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

विमानातून धनंजय वासुदेव उतरला. मीही त्याच्याबरोबर उतरले, पण कागदावर माझा पत्ता नव्हता. लेबर कार्ड, बँक, लायसन, हॉस्पिटलचे कार्ड, सगळीकडे शेवटचा शब्द वासुदेव. त्यामुळे झाले काय की सगळे त्याला वासुदेवच म्हणू लागले. "वासुदेव, यल्ला, जल्दी!" "वासुदेव, मोटर क्यूं बंद है?" आता वासुदेव म्हणजे धनंजयचे वडील. गावात त्यांना सगळे बापू म्हणतात. वासुदेव म्हणायची कोणाची टाप नाही. आणि इथे अबुधाबीत दिवसाला पन्नास वेळा त्यांच्या नावाने खडे फुटत होते. धनंजय मुकाट्याने ओ द्यायचा.

१९९५ साली तो फोरमन झाला आणि कुमुद आणि अपूर्वाला घेऊन आला. त्यांच्या पासपोर्टवर तरी मी असेन असे मला वाटले होते. कसचे काय. पुन्हा तोच एजंट, पुन्हा तेच पान. "नवऱ्याच्या पेपरशी जुळलं पाहिजे." कुमुद धनंजय. अपूर्वा धनंजय. एका घरात तीन माणसे आणि मी एकाच्याही नावात नाही. पहिल्यांदा कुमुद नवऱ्याच्या कार्डावर क्लिनिकमध्ये गेली तेव्हा नर्सने हाक मारली, "मिसेस वासुदेव!" कुमुद जागची हलली नाही. नर्सने तिच्यासमोर येऊन पुन्हा तेच म्हटले, तेव्हा ती कानापर्यंत लाल झाली. जिने लग्नानंतर सासऱ्यांचे नाव एकदाही तोंडातून काढले नव्हते, तिला या लोकांनी सासऱ्यांची बायको करून टाकले. घरी येऊन ती धनंजयला म्हणाली, "मला लाज वाटते हो. काहीतरी करा." तो म्हणाला, "इथे सगळ्यांचं असंच असतं. अ‍ॅडजस्ट कर." अ‍ॅडजस्ट! या एका शब्दाने माझे जितके वाटोळे केले तितके त्या एजंटनेही केले नसेल.

अशी सात वर्षे गेली. दारावर पाटी नाही, पत्रावर मी नाही. गावाहून बापूंचे पत्र यायचे तेही कंपनीच्या पोस्ट बॉक्सवर, धनंजय वासुदेव या नावाने. मी फक्त बापूंच्या सहीत पत्राच्या तळाशी यायचे. पत्र वाचून झाले की ते ड्रॉवरमध्ये, आणि त्याच्याबरोबर मीही.

२००२ च्या सप्टेंबरमध्ये अपूर्वा नववीत होती. त्या वर्षी तिला इंग्रजी शिकवायला इंग्लंडच्या एक बाई आल्या, मिस लीट. त्यांनी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर स्वतःचे आडनाव लिहिले. त्यांच्याकडे पाण्याच्या पाटाला लीट असा जुना शब्द आहे. अशा पाटाकाठी त्यांचे कोणी पूर्वज राहत होते, म्हणून त्या लीट. आडनाव कुठून आले, कुठे पसरले, आज किती जण ते लावतात, सगळे त्यांना पाठ होते. त्या हसून म्हणाल्या, "आम्ही फार नाही. पण आहोत." मग त्यांनी वर्गाला प्रोजेक्ट दिला. प्रत्येकाने आपल्या आडनावाचा उगम, इतिहास आणि आजची संख्या यांचा तक्ता करायचा.

मी बाकावरच्या दप्तरात बसून ऐकत होते. पाटाचे आडनाव! माझे सख्खे नातेवाईक समोर फळ्यावर, खडूने, मोठ्या अक्षरांत. मित्रांनो, मला वाटले आता माझी पाळी. बाईंनी एकेकाला उठवले. अपूर्वा उठली आणि म्हणाली, "धनंजय, मिस." बाईंनी विचारले, ते तर तुझ्या वडिलांचे नाव ना? मग घराण्याचे नाव काय?

अपूर्वाने पासपोर्ट आठवला, रिपोर्ट कार्ड आठवले आणि म्हणाली, "आय डोन्ट हॅव वन, मिस."

कोणी तोंडात मारली असती तरी मला इतके लागले नसते. पोरीचा राग मला आला नाही. गाव सुटले तेव्हा ती सातच वर्षांची होती, आणि इथे तिला मी कधी कोणी दाखवलेच नव्हते.

त्या संध्याकाळी जेवताना तिने विचारले, "बाबा, व्हॉट इज अवर नेम?" धनंजयने तिला नाव सांगितले, पाट सांगितला, घंगाळ सांगितले, वाटी सांगितली. अपूर्वाचे डोळे चमकले. ती म्हणाली, "देन पुट इट ऑन माय पासपोर्ट." कारण खरी निकड आता होती. नववीतली नावे पंधरा नोव्हेंबरला शाळेतून बोर्डाकडे जाणार होती. पासपोर्टवर जे असेल तेच जाणार, आणि बोर्डात जे जाईल तेच दहावीच्या, बारावीच्या, पुढच्या सगळ्या सर्टिफिकेटांवर जन्मभर राहणार.

"नाही जमायचं," धनंजय म्हणाला. "तुझा व्हिसा माझ्या व्हिशावर आहे. नाव बदललं की प्रश्न विचारतील. आधी वेगळं का लिहिलंत, खोटं बोललात का? कंपनीने सरळ घरी पाठवलं तर? नोकरी खलास."

"बट इट्स माय नेम, बाबा."

"पेपर मोठा का नाव मोठं?" तो ओरडला, आणि ताट सरकवून उठला.

दुसऱ्या दिवशी कुमुदने गावी फोन लावला. बापू ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदाच अबुधाबीला यायचे होते. ती त्यांना म्हणाली, "बापू, येताना ग्रामपंचायतीतून अपूर्वाच्या जन्माचा दाखला घेऊन या. पूर्ण नावाचा." त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही.

बापू आले. ट्रंकेत कोकम, पोह्याचे पापड आणि कपड्यांच्या घडीत जपून ठेवलेला दाखला. पण धनंजयने दाखल्याकडे बघितलेही नाही. बापूंना अबुधाबीत काय बघायचे होते? पंप. "आपल्या घरात पाणी वाटायचं काम पिढ्यान्‌पिढ्या. तू कसं वाटतोस ते बघू दे," ते म्हणाले. एका सकाळी धनंजय त्यांना पंपरूममध्ये घेऊन गेला. चौदा मजल्यांच्या दोन इमारती, चार मोटारी, भिंतभर व्हॉल्व्ह. बापू स्टुलावर बसून एकेका पाइपवर बोट ठेवत विचारत होते, हा कुठे जातो, तो कुठे जातो. मला कितीतरी वर्षांनी घरी आल्यासारखे वाटत होते.

तेवढ्यात दार धाडकन उघडले. सुपरवायझर आत आला. एका इमारतीची गच्चीवरची टाकी रिकामी होती आणि भाडेकरूंचे फोन त्याला येत होते. धनंजय मोटारींच्या पलीकडे वाकलेला होता, तो दिसला नाही. सुपरवायझर गरजला, "वासुदेव! पानी किसको दे दिया? चोरी करता है तू, वासुदेव?"

आणि बापू स्टुलावरून उठून उभे राहिले. सत्तरी ओलांडलेला माणूस. टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "साहेब, मी तर आत्ताच आलोय. मी कोणाचं पाणी घेतलं नाही."

सुपरवायझरला काही कळेना. धनंजय धावत आला, टाकीचा फ्लोट अडकला आहे, आत्ता सोडवतो म्हणाला. सुपरवायझर "यल्ला, यल्ला" करत निघून गेला. त्याच्या हिशेबी गोष्ट तिथे संपली. पण मित्रांनो, इतकी वर्षे मी ज्या घराण्याला चिकटून आहे, त्या घराण्यातल्या माणसाला पाणीचोर म्हणण्याची हिंमत गावात कोणाची झाली नाही. ती इथे झाली, आणि तीही त्याच्या मुलानेच आपल्या बापाचे नाव पुढे करून स्वतः आडोशाला बसण्याची सवय लावून घेतली म्हणून झाली. मला धनंजयच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला.

बापू रागावले नाहीत. टोपी पुन्हा घातली. मग हळूच म्हणाले, "धनू, या देशात मला रोज असं बोलतात का रे?"

धनंजयने मोटर चालू केली, बापूंना घेऊन गच्चीवर गेला आणि फ्लोट सोडवला. टाकीत पाणी चढल्याचा आवाज येईपर्यंत तो पाठमोरा उभा होता. खाली आल्यावर तो थेट कंपनीच्या ऑफिसात गेला. तिथे व्हिशाची कामे बघणारे खैरुद्दीन होते. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "ग्यारह साल से वासुदेव है. अब क्या तकलीफ हुई?"

"वासुदेव मेरे वालिद हैं," धनंजय म्हणाला. "मैं पाटराखे हूं. मेरी बेटी भी."

मुंबई सोडल्यापासून घराबाहेर, या देशात, त्याने मला मोठ्याने उच्चारण्याची ती पहिली वेळ होती. खैरुद्दीननी मुलीचे पत्र टाइप करून दिले. धनंजयच्या स्वतःच्या पेपरचे मात्र म्हणाले, "इस वीज़ा की मुद्दत खतम होने दो, फिर देखेंगे, इन्शाल्ला." मग दोन दिवसांची रजा, एम्बसीची रांग, जन्माचा दाखला, प्रतिज्ञापत्र, पेपरात जाहिरात, पुन्हा रांग. कुमुद डबा घेऊन रांगेत शेजारी उभी राहायची. अकरा नोव्हेंबरला अपूर्वाचा नवा पासपोर्ट हातात आला. शेवटच्या रकान्यात मी होते. तेराला तो शाळेत दाखवला, आणि पंधराला माझ्यासकट तिचे नाव बोर्डाकडे गेले.

प्रोजेक्टची तारीख केव्हाच उलटली होती, पण मिस लीटनी तक्ता घेतला. अपूर्वाने बापूंना शेजारी बसवून माझी मोजदाद केली होती. बापू बोटांवर मोजत होते आणि ती लिहीत होती. गावात चव्वेचाळीस, मुंबईत सोळा, पुण्यात एक, तो बदलीवर गेलेला पोस्टमास्तर. सर्वात खाली तिने लिहिले, "यू.ए.ई. : १."

बापूंनी चष्मा लावून वाचले. "एकच? आणि तुझे आईबाप?"

"दे आर पेंडिंग, आजोबा," अपूर्वा म्हणाली.

तर मित्रांनो, माझी आजची स्थिती ही अशी. एक खरे आणि दोन पेंडिंग. राग अजून पूर्ण गेलेला नाही, आणि जाऊही नये. उद्या तुमच्यापुढे कोणी फॉर्म सरकवेल आणि म्हणेल, "शेवटचं राहू दे, चालतं." तेव्हा मान हलवण्याआधी घरी विचारून या, की हे नाव कोणी आणि कसे मिळवले. माझ्यासाठी एक माणूस भर उन्हात वाटीकडे डोळे लावून बसला होता. तुमच्यासाठीही कोणीतरी कुठेतरी बसलेले असेल.

धनंजय रोज सकाळी पंपरूममध्ये जातो. सुपरवायझर अजून सवयीने हाक मारतो, "वासुदेव!" धनंजय हातातले काम थांबवतो, सरळ उभा राहतो आणि म्हणतो, "वो मेरे वालिद हैं, साब. मुझे बोलिए." आणि मग ओ देतो.