काजळी जळेपर्यंत

गाडीत पुन्हा तो पिवळा दिवा लागला, तसा माझा नवरा म्हणाला, "बाबांना आता गाडी झेपत नाही. विकून टाकू." या दिव्यापायी मेकॅनिकने धुराचा फिल्टर दोनदा साफ करून दिला होता आणि दोन्ही वेळा तोंड वाकडं करून म्हणाला होता, "चालवणाऱ्याची सवय बघा जरा."

सासरे समोरच बसले होते. उभ्या आयुष्यात गाडीला साधा ओरखडा येऊ न देणारा माणूस.

दुसऱ्या दिवशी ते भाजी आणायला निघाले, तेव्हा मी शेजारी जाऊन बसले.

"हेरगिरी का?"

"हो. पण स्वतःहून आलेय, तुमच्या मुलाने नाही पाठवलं."

"मग पट्टा लावा, हेरबाई."

चालवण्यात खोट काढायला जागा नव्हती. परतताना घराच्या अलीकडच्या वळणावर मात्र पंखा घोंघावू लागला, किंचित जळका वास आला. बाबांनी लगबगीने गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं.

"का थांबवलीत?"

"तापली बिचारी. असं झालं की मी लगेच विश्रांती देतो तिला. तुझा नवरा घेतो का एवढी काळजी?"

मला हसू आवरेना. डिझेलच्या धुरातली काजळी तो फिल्टर अडवतो. ती साचली की गाडी जरा जास्त डिझेल वापरून फिल्टर तापवते आणि काजळी आतल्या आत जाळून टाकते. त्यासाठी काही वेळ सलग धावावं लागतं. बाजारापर्यंतच्या फेरीत ते काम जेमतेम सुरू व्हायचं आणि बाबा मायेने ते मोडायचे.

मी हे सांगितलं. त्यांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला.

"म्हणजे मीच तिचा गळा दाबत होतो."

"लाडाने."

"आता?"

"मोठ्या रस्त्याला घ्या. एका वेगात, मध्ये न थांबता."

फाटकाशी सासूबाई पिशव्या घ्यायला उभ्या होत्या. आम्ही त्यांच्यासमोरून सरळ निघून गेलो. लगेच माझा फोन वाजला.

"अगं, डोळ्यांदेखत कुठे पळवून नेतेस त्यांना?"

"काजळी जाळायला, आई!"

"भाजी तरी उतरवायची होती!"

मोठ्या रस्त्यावर पंखा पुन्हा घोंघावला. बाबांचा हात किल्लीकडे गेला आणि परत आला. वीसेक मिनिटांनी आवाज थांबला, दिवा विझला. त्यांनी हळूच शीळ घातली.

घरी आल्यावर त्यांनी मुलाला हाक मारली. "विकू या."

"पण बाबा, दिवा गेला ना?" मी म्हणाले.

"गेला. पण ही लांब पल्ल्याची गाडी आहे, आणि मला बाजारापलीकडे काम नाही. छोटी पेट्रोलची घेऊ." मग मुलाकडे वळून म्हणाले, "घेणाऱ्याला हेच कारण सांगायचं. म्हाताऱ्याला झेपत नव्हती असं कानावर आलं, तर बघ!"

नवरा ओशाळून हसला. "बरं. मग उद्या बघून येतो मी एखादी."

"मी बघणार. चालवून," बाबा म्हणाले. "तू ये हवं तर, मागे बस."