हळदीचा आळ

मी एक चष्मा बोलतोय, आणि आधीच सांगून टाकतो की मी स्वच्छ आहे. मला हळद लागलेली नाही. कधी लागलीही नव्हती. डोंगरकडा गावात हे कुणाला सांगायला जावं तर लोक हसतील, कारण आमच्याकडे हळदीच्या दिवसांत अंगणातली कुत्रीसुद्धा पिवळी होऊन फिरतात. तरी माझं ऐकून घ्या.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते हिंगोलीच्या दुकानातलं काचेचं कपाट. तिथून मंजुळाबाईंनी मला उचललं. मी तपकिरी, जाड दांड्यांचा. "हाच द्या. पडला तरी मोडायचा न्हाई," एवढंच काय ते माझं कौतुक झालं. माझ्या काचा दुहेरी आहेत, वरून दूरचं पाहायचं आणि खालून वाचायचं. सुरुवातीला त्यांची पायरी चुकायची आणि शिव्या मला बसायच्या. मी जातीचाच घाबरट. मान खाली गेली की घसरायची भीती, अशा जागेवर ज्याची नेमणूक झाली त्याने दुसरं काय व्हायचं?

मंजुळाबाईंची शाळा सातवीत सुटली, पण वाचन सुटलं नाही. घरी हळद आणि केळी, नवरा सोनाजी शेतात, सासूला आत्या म्हणणारी सून जाई सोबतीला. दुपारची भांडी झाली की त्या दाराशी बसायच्या आणि गावच्या वाचनालयातून आणलेलं पुस्तक उघडायच्या. सध्या त्यांच्या हातात एक जाड कादंबरी आहे. समुद्रात एका खडकावर दीपगृह, तिथे दिवा लावणारा माणूस आणि त्याची बायको. ती बाई रोज किनाऱ्याकडे पाहत बसते. ज्यांनी तळ्यापलीकडे पाणी पाहिलं नाही त्या मंजुळाबाईंना त्या बाईचा इतका लळा लागला की भाकरी थापतानाही त्या जाईला तिचीच हकिगत सांगायच्या.

संध्याकाळी टीव्हीवर वकीलबाईंची मालिका. त्यातली सून वकील, सासऱ्याविरुद्धच खटला लढवणारी. सोनाजींना ती बघवत नसे, पण खुर्ची सोडून ते उठतही नसत. आणि गाणी म्हणाल तर जाईच्या मोबाइलवर. पेटी घेऊन गवळणी म्हणणारी एक मुलगी आहे, ती दोघींची लाडकी. लसूण सोलत बसायचं, इअरफोनचं एक टोक जाईच्या कानात, दुसरं मंजुळाबाईंच्या. मी त्याच कानावर बसलेला, त्यामुळे गवळण आधी माझ्या दांडीला कळायची. असे चांगले दिवस चालले होते.

मग यंदाची हळद निघाली. अंगणात ती शिजू लागली, वाळू लागली, पॉलिशच्या ड्रमात फिरू लागली, आणि पिवळी भुकटी घरभर बसली. एका दुपारी मंजुळाबाईंनी पुस्तक उघडलं, मला काढलं, पदराने पुसलं, पुन्हा लावलं.

"कागद पिवळा दिसून राहिला," त्या म्हणाल्या.

"हळदीच्या हातानं धरतीस, मंग चष्मा पिवळा व्हणारच," सोनाजी म्हणाले.

झालं. आळ माझ्यावर आला तो तेव्हापासून. मला निरम्याने धुतलं. लिंबू चोळलं. एकदा तर चुलीतली राख लावून घासलं. हळद गेली नाही, कारण ती नव्हतीच, पण राखेने काचांवर बारीक ओरखडे मात्र पडले. त्यानंतर मी खरोखरच थोडा खराब झालो आणि मला म्हणायलाही तोंड राहिलं नाही.

खरी गोष्ट मला दिसत होती. मंजुळाबाईंच्या डोळ्यांच्या इतक्या जवळ दुसरं कोण असतं? त्यांच्या बाहुलीत, जिथे काळं असायला हवं तिथे, दुधात भिजल्यासारखा एक ठिपका जमत होता. तो वाढत होता. मालिकेतली वकीलबाई त्यांना आवाजावरून ओळखावी लागत होती. बाळापूरच्या बाजारातून परतताना, दिवेलागणीला, समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे त्यांच्या डोळ्यांत फुटायचे आणि त्या रस्त्यात मधोमध थांबायच्या. एकदा ट्रॅक्टरवाल्याने कचकन ब्रेक दाबला. "मावशी, दिसत न्हाई का?" तो ओरडला. मंजुळाबाई म्हणाल्या, "चष्मा मळलाय रे बाबा." माझा तर जीव थाऱ्यावर नव्हता. चष्म्याला तोंड नसतं याचं दुःख मला त्या दिवसाइतकं कधी झालं नाही.

त्या का बोलत नव्हत्या, हेही मला ठाऊक होतं. त्यांची आई शिरड शहापूरची. म्हातारपणी तिची नजर गेली, आणि "वय झालं" म्हणून सगळे गप्प बसले. शेवटी ती माउली भिंत धरून न्हाणीपर्यंत जायची. मंजुळाबाईंना हे जाईला एकदाच सांगताना मी ऐकलंय. चष्मा मळला असेल तर पुसता येतो. डोळ्यांचं काय करायचं? म्हणून त्या मला पुसत राहिल्या.

उन्हाळ्यात बचत गटाची सहल ठरली. कोकण! मंजुळाबाईंनी कादंबरी पिशवीत घातली, दीपगृहाच्या पानात खूण ठेवून. बसमध्ये बायकांनी गाणी म्हटली, जाईने त्यांना गवळणीवाली मुलगी ऐकवली, घाटात दोघी-तिघींना ओकाऱ्या झाल्या. मंजुळाबाई खिडकीशी बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा जाईला सांगत होत्या. पुस्तकात लिहिलं होतं की समुद्राचा फेस मीठ सांडल्यासारखा पांढरा असतो. "आपुन बघू बराबर तसाच हाय का," त्या म्हणाल्या.

समुद्र आला. बायका लुगडी सावरत पाण्यात शिरल्या. मंजुळाबाई वाळूतच उभ्या राहिल्या. त्यांनी मला काढलं, बाटलीतल्या पाण्याने धुतलं, पदराने कोरडं केलं, लावलं. पाहिलं. पुन्हा काढलं आणि नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. मग त्यांनी विचारलं,

"काय गं, इकडंबी हळद पिकती काय?"

बायका हसून हसून लोटपोट झाल्या. सोनाजींची बायको समुद्रावरसुद्धा हळदच बघते म्हणून त्यांना केवढी मजा वाटली. जाई हसली नाही. ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "आत्या, माझी ओढणी कोणत्या रंगाची हाय?"

"पिवळी."

ओढणी पांढरी होती. जाईने ती पटकन हाताशी गोळा केली, जणू लपवता आली तर बरं. "आत्या, चष्म्यात काय बी न्हाई. आपुन डॉक्टरला डोळे दाखवू," ती म्हणाली.

मला हायसं वाटायला हवं होतं. आळ उतरला होता माझ्यावरचा. पण मंजुळाबाईंनी मला मुठीत घट्ट आवळून धरलं होतं. मला वाटलं, माझ्यावर आळ होता तोवरच बरं होतं. घासलं असतं आणखी राखेने, मी सोसलं असतं.

परतीच्या बसमध्ये त्यांनी गाणं ऐकलं नाही. "जाई, पुस्तक पुरं व्हायच्या आत डोळे गेले तं गं?" एवढंच त्या बोलल्या.

"मी वाचून दाखवीन की," जाई म्हणाली.

नांदेडच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं आणि सांगितलं, मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. आधी उजवा करू, मग डावा. "आईचंबी हेच असंल का?" मंजुळाबाईंनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, असू शकेल. त्यावर त्या बराच वेळ पदराची किनार चाचपत बसल्या.

ऑपरेशनच्या वेळी मी जाईच्या पर्समध्ये होतो. अंधारात, चाव्या आणि बिस्किटाच्या पुड्याबरोबर. बाहेर सोनाजींच्या चपला फरशीवर इकडून तिकडे, तिकडून इकडे. "मीच म्हणलो व्हतो तिला, हळदीचा हात म्हणून," ते जाईला सांगत होते. मला काहीच दिसत नव्हतं, आणि त्या दिवशी मला कळलं की न दिसणं म्हणजे काय असतं.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. मंजुळाबाई भिंतीकडे पाहत राहिल्या. "माय! भिंत इतकी पांढरी असती काय?" मग सोनाजींकडे वळून, "आवो, तुमचे केस सगळेच पिकले की." सोनाजींनी टोपी काढून डोकं पुढे केलं आणि ते रडायला लागले.

उजव्या डोळ्याला आता माझी काच चालत नव्हती. दवाखान्यातल्या माणसाने ती काढून जाईच्या हातात दिली. डावा डोळा होईपर्यंत मी असाच, एका बाजूला काच आणि दुसऱ्या बाजूला नुसतं भोक. डावाही झाला की नवा नंबर, नवा चष्मा. दवाखान्याच्या दाराशी जुने चष्मे टाकायची पेटी आहे, ती येता-जाता मी पाहून ठेवली आहे. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? डाव्या डोळ्याचीही वाटते. उजवा नीट झाला म्हणून डावा होईलच, हे मला कुणी लिहून दिलेलं नाही.

तुम्हाला एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी चष्मा सारखा पुसत असेल, तर एकदा चष्मा बाजूला ठेवा आणि त्या माणसाच्या डोळ्यांत बघा. आम्ही ओरडू शकत नाही हो.

सध्या मंजुळाबाईंना वाचायला बंदी आहे. दुपारी जाई कादंबरी मोठ्याने वाचते. काल दीपगृहातल्या बाईला किनाऱ्यावरून होडी येताना दिसली, तिथे जाई थांबली. मंजुळाबाईंनी सवयीने मला काढलं आणि पदराने पुसायला घेतलं. पदर रिकाम्या भोकातून आरपार गेला आणि बोट पलीकडे निघालं. त्या आधी दचकल्या, मग हसल्या. हसता हसता मला समोर धरून त्या बघत राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यातून खूप पाहिलं होतं, माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. ओरखड्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला.

"तुला लई घासलं रे," त्या म्हणाल्या. "तुझा काय बी गुन्हा नव्हता."