मखमलीतली पावलं

आईच्या डोळ्यांतला उजेड मावळत गेला तो तिन्हीसांज घरात शिरावी तसा, न सांगता, न बोलता. आता उरला होता खिडकीएवढा उजेड आणि माणसाएवढी सावली. त्याचं तिनं फार मनाला लावून घेतलं नाही. पण जेवणं झाली की मुलगा आणि सून सिनेमा लावायचे, त्यात ती बसेनाशी झाली.

"सगळे एकाच भोकातून बोलतात रे," ती म्हणायची. "कोण आलं, कोण गेलं, काही कळत नाही."

आधी ती विचारायची तरी, "आता कोण आलं?" एकदा ऐन रंगात आलेल्या प्रसंगात सुनेच्या तोंडून निघून गेलं, "श्श!" सुनेनं लगेच जीभ चावली, पण सुटलं ते सुटलं. तेव्हापासून आई जेवणानंतर स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसू लागली. पुसलेला ओटा पुन्हा पुसू लागली.

मुलगा सोफे शिवायचा. लोकांच्या बैठका मऊ करण्यात त्याचा दिवस जायचा, आणि स्वतःची आई स्टुलावर! ते त्याला टोचत राहिलं. शेवटी त्यानं ठरवलं, चारी बाजूंनी आवाज देणारे स्पीकर आणायचे.

"आईंना घेऊनच जाऊ," सून म्हणाली. "ऐकायचंय त्यांना. आपण दोघं नुसते डबे बघत बसू."

दुकानदारानं आधी बोलता बोलता त्यांचा खिसा चाचपला. बेतात बसणारे दोनच संच निघाले. एकाचा धमधम घुमणारा वूफर गुडघ्याइतका उंच, बाकीचे स्पीकर मात्र साबणाच्या डबीएवढे. दुसरा दिसायला अगदी साधा, पाच सारखे ठोकळे आणि त्यांच्या मानानं छोटा वूफर. दुकानदारानं मोठ्या संचावर मारामारी लावली. काचेचं कपाट थरथरलं.

"काय आजी, छातीत बसतंय की नाही?"

"बसतंय बाबा. पण भांडण आमच्याकडे घरचं असतं. विकत कशाला घ्यायचं?"

सून खुदकन हसून नवऱ्याकडे वळली. "अहो, हा टोमणा मला होता की तुम्हाला?"

"मधोमध," आई म्हणाली. मग दुकानदाराकडे वळून, "कुणी चालत येतंय असं काही आहे का रे? नुसतं चालत येणारं?"

दुकानदारानं डोकं खाजवलं. शोधून शोधून एक प्रसंग काढला: रिकाम्या घरातून एक बाई फिरते आहे. मोठ्या संचातून पावलं आली ती धप धप.

"बाई आहे की हत्तीण?" आई म्हणाली.

मग साधा संच लावला. आईचं बोट हवेत उठलं आणि फिरू लागलं. डावीकडे. खांद्यामागे. पाठीमागून उजवीकडे. "चप्पल घातलीय तिनं. टाच घासते. आता थांबली. दाराशी थांबली."

दुकानदारानं पडद्याकडे पाहिलं. बाई दारात उभी होती, कडीवर हात ठेवून.

"हाच दे," आई म्हणाली.

घरी आल्यावर मुलानं दोन स्पीकर टीव्हीच्या दोन्ही अंगांना लावले, एक टीव्हीखाली, दोन आईच्या खुर्चीमागे. पण उघडं लाकूड दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. "आज लावायचा नाही. उद्या," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी कारखान्यात सोफ्याची उरलेली मरून मखमल त्यानं काढली, खाली पातळ फोम घातला आणि पाची ठोकळ्यांना घट्ट अभ्रे शिवून आणले. कडेला गोट, कोपऱ्याला चुणी. घरी येऊन एकेक चढवला, आणि खालची कड सुईनं टाके घालून बंद केली.

"अगंबाई!" सून म्हणाली. "सोफ्याला पाच पिल्लं झाली!"

आईनं एकावरून बोटं फिरवली. "टाका किती एकसारखा बसलाय," म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला.

जेवणानंतर त्याच बाईचा सिनेमा लावला. आई खुर्चीत ताठ बसली, कान टवकारून. थोड्या वेळानं तिची पाठ सैलावली. मग ती उठली. "दूध झाकलंय का बघते."

दूध तिनंच झाकलं होतं. मुलगा तिच्या मागोमाग गेला. ती स्टुलावर बसली होती, हातात ओट्याचं फडकं.

"आवडले नाहीत?"

"छान आहेत की. कापड कसं सायीसारखं लागतंय."

"कापडाचं नाही विचारत मी."

आई फडक्याची घडी घालत राहिली. "दुकानात त्या बाईच्या पायात चप्पल होती बघ. आपल्याकडे येताना तिनं लोकरीचे मोजे घातलेत. आणि बोलते तेही तोंडावर पांघरूण घेऊन." मग घाईनं, "पण राहू दे बाळा. एवढ्या हौसेनं शिवलंस."

मुलानं कपाळाला हात लावला आणि हसत सुटला. आवाजाला बसायला त्यानं गादी घातली होती, आणि आवाज तिच्यावर पडून गाढ झोपला होता.

तो कात्री घेऊन आला. "कात्रीनं कापड कापलं जाईल. आण इकडे," आई म्हणाली. टाका तिच्या बोटांना सापडायचा. त्याला पहिला टाका तिनंच शिकवला होता, त्याच्या बोटावर आपलं बोट ठेवून. ती दोरा सुईच्या टोकानं उचलायची, तो ओढून काढायचा. उचल, ओढ. उचल, ओढ.

"पिल्लांचे कपडे काढताय?" सून म्हणाली. "सर्दी होईल त्यांना." आणि बोलता बोलता चौथं पिल्लू तिनंच मांडीवर घेतलं.

पाची अभ्रे निघाले. सुनेनं ते एकावर एक रचून आईच्या खुर्चीत पाठीशी ठेवले, आणि सिनेमा पुन्हा पहिल्यापासून लावला.

पडद्यावर काळोखी खोली. हालचाल काही नाही. तरी कुठूनतरी टाच घासल्याचा आवाज आला.

"दिसत तर कुणीच नाही," सून पुढे सरकून म्हणाली. "आई, कोण आलं हो?"

"श्श," आई म्हणाली.

तिचं बोट उठलं आणि हळूहळू खांद्यावरून मागे गेलं. मुलगा आणि सून दोघंही वळून मागच्या भिंतीकडे बघू लागले.