पायातलं विमान

आमच्या ह्यांना विमानाचं भारी वेड. बसले मात्र एकदाही नाहीत! अंबरनाथच्या कारखान्यात साहेब, राहायला उल्हासनगरात भाड्याच्या दोन खोल्या, आणि कपाटात मखमली डब्यांतून विमानांची नाणी. कुठलं पहिलं उड्डाण, कुणी समुद्र ओलांडला, त्याची आठवण म्हणून देशोदेशी काढलेली. त्यातलं एक चांदीचं म्हणजे यांचा जीव की प्राण.

बदलापूरला, कुळगावात आमचा प्लॉट होता. मला तिथं स्वतःचं घर हवं होतं. हे म्हणायचे, "वृंदा, प्लॉट विकू, विमानाने जग बघू." उल्हासनगरच्या कॅम्प एकमधले एक सिंधी शेठ गिऱ्हाईक म्हणून मागेच लागलेले. माझं तर डोकंच फिरायचं! शेवटी सत्त्याऐंशी साली सासूबाईंनी रडूनभेकून पायाभरणीचा मुहूर्त काढायला लावला. तरी हे म्हणालेच, "बरंय, पाया घातला की भाव वाढेल."

मुहूर्ताला गुरुजी म्हणाले, "पायात ठेवायला चांदीचं नाणं द्या." लक्ष्मीचं नाणं कुठं सापडेना. सासूबाईंनी बटव्यातून हळदीकुंकवाने माखलेलं एक काढून दिलं. होमाच्या धुराने यांचे डोळे गळत होते. यांनी ते खड्ड्यात ठेवलं, नमस्कार केला, आणि गवंड्यांनी वरून काँक्रीट ओतलं.

घरी येऊन डबा उघडतात तो रिकामा!

"आई, माझं विमान?"

"अगं बाई! ते होय? चष्मा नव्हता रे. आणि ठेवलंस तूच की, आपल्या हाताने!"

दुसऱ्या दिवशी हे पहार घेऊन निघाले. मी पदर खोचून पायापुढे उभी. "पूजेचं नाणं उकरता? आधी मला उकरा!" तेवढ्यात वरून विमान गेलं. सवयीने पहार टाकून हे वर बघत राहिले. मग तिथंच बसून घळाघळा रडले. मलाही वाईट वाटलं हो, नाही असं नाही.

त्यानंतर शेठ आले, तर हेच खेकसले, "मेरा विमान है इधर! नहीं बेचना!" मग भिंती भराभर उठल्या.

वास्तुशांतीला गुरुजींनी पुन्हा चांदीचं नाणं मागितलं. सासूबाईंनी बटव्यातून लक्ष्मी काढली.

मी कानाशी लागून विचारलं, "आई, ही तेव्हा कुठं होती?"

"इथंच," त्या म्हणाल्या. "लक्ष्मी पुरली असती, तर त्याने घर विकलं असतं. गप पूजा कर."