पानमळ्याच्या दारातली सापसंद

मी एक जुनी सापसंदाची वेल आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. आम्हा वेलींची जातच तशी. झाडाला स्वतःचा कणा असतो. आम्हाला कुणाला तरी धरूनच जगावं लागतं, आणि तो आधार कधी हलेल याचा नेम नसतो.

माझं लावणंही भीतीपोटीच झालं. उमेळ्याला नरहरी आणि द्वारकाबाई या नवराबायकोचा पानमळा होता. शहात्तर सालच्या पावसात त्यांच्या खोपीत फुरसं निघालं. सापसंद असते तिथे साप फिरकत नाही असं लोक म्हणतात, म्हणून द्वारकाबाईंनी माझं रोप आणून मळ्याच्या दाराशी पांगाऱ्याखाली लावलं. खरं सांगू का, माझ्या सावलीत धामण निवांत पहुडलेली मी पाहिली आहे. पण माझ्यामुळे बाईंना सुखाची झोप लागत होती, मग मी कशाला बोलू?

पानवेल सोवळ्यातली, तेव्हा मळ्यात कुणी चपला घालून जायचं नाही, असा नेम होता. नरहरी माझ्या बुंध्याशी चपला काढत. त्या हळूच ठेवल्या तर स्वारी खुशीत, आदळल्या तर काहीतरी बिनसलेलं, हे मला कळे. मी बाहेरची, माझ्यासाठी चपला काढायचं कुणाला काय कारण?

मी चांगलं अंग धरल्यावर काळ्या पंखांची, लाल अंगाची फुलपाखरं आली आणि अंडी घालून गेली. त्यांतून काळपट लाल अळ्या निघाल्या, अंगभर मऊ काटे असलेल्या. त्या मला खाऊ लागल्या. मी भीतीने अर्धी झाले. पानं गेली, शेंडे गेले, नुसत्या काड्या उरल्या. पण मला पुन्हा पालवी फुटली, माझ्या अंगावरच्या कोशांतून फुलपाखरं निघाली, आणि पुढे तीही अंडी घालायला माझ्याकडेच आली. माहेरवाशिणी आल्यासारखं वाटलं मला.

मग एके सकाळी चपला वाजल्या, पण निघाल्या नाहीत. नरहरी तसेच माझ्यापुढे उभे राहिले. हातात शेजारच्या ऑगस्टीनकडून आणलेला, कीड मारायच्या पावडरीचा डबा होता.

“आज हिला खाल्लं, उद्या पानवेलीवर चढतील,” ते म्हणाले. “सगळा मळा साफ होईल.”

वेल ती वेल, त्यांना काय फरक? पानमळेवाल्याला पानवेलीपुढे दुसरं काही दिसत नाही.

“अवो, थांबा जरा,” द्वारकाबाई म्हणाल्या. “चढतील का नाय, ते बघू तरी. दिवस मावळेपर्यंत यांनी पान कुरतडलं, तं मीच हिला मुळासकट काढते.”

त्यांनी काडीने चार-पाच अळ्या उचलल्या, विड्याच्या ताज्या पानांवर सोडल्या आणि वर रोवळी पालथी घातली. डबा माझ्या बुंध्याशीच ठेवला होता.

मित्रांनो, तो दिवस आठवला की आजही माझी पानं मिटतात. अळ्यांनी एक घास घेतला असता तर मी मेले असते. नाही घेतला तर त्या उपाशी. आईने काय मागावं अशा वेळी? मी मागितलं, खाऊ नका गं. आणि दिवसभर स्वतःची लाज वाटत राहिली.

सांजावलं. नरहरींनी रोवळी उचलली. पानं जशीच्या तशी होती. अळ्या मात्र मलूल होऊन कडेला गोळा झाल्या होत्या. एकेक अळी उचलून नरहरींनी स्वतः माझ्या पानावर ठेवली आणि डबा परत देऊन आले.

मळा साफ होण्याची भीती मात्र खरी ठरली. सत्याऐंशी साली आजूबाजूच्या वाड्या विकल्या गेल्या, मग आमचीही. मातीच्या भरावाचे ट्रक आले. ज्या पानवेलींसाठी माझा जीव जाणार होता, त्या माझ्या डोळ्यांदेखत उभ्याच्या उभ्या गाडल्या गेल्या. अळ्यांनी एक पान खाल्लं नव्हतं. ट्रक दाराशी यायच्या आत द्वारकाबाईंनी मला मातीसकट खणून काढलं.

आता मी मनवेलपाड्यात त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरी, रंगाच्या रिकाम्या डब्यात, गॅलरीच्या गजांना धरून आहे. माती थोडी, ऊन थोडं. फुलपाखरांना इथली वाट सापडेल की नाही या धास्तीत मी दोन पावसाळे काढले. यंदा एक आलं, अंडी घालून गेलं, आणि पुन्हा अळ्या निघाल्या. परवा शेजारीण म्हणाली, “वेलीला कीड लागलीय, पावडर देऊ का?”

मित्रांनो, कुरतडलेलं पान दिसलं की लगेच डबा शोधू नका. आधी खाणारा कोण आहे ते बघा. मी बोलू शकत नाही आणि पळूही शकत नाही. तुम्ही दिवसभर थांबलात तरच मी वाचते.

त्या दिवशी शेजारणीच्या बोलण्यापाठोपाठ गॅलरीकडे चपलांचा आवाज आला, तेव्हा मी गजांना घट्ट धरलं. नरहरी उंबऱ्याशी थांबले. आता मळा नाही, सोवळं नाही. तरी त्यांनी चपला काढल्या, हळूच बाजूला ठेवल्या, आणि मला पाणी घातलं.