पद्मावतीबाईंनी थापलेली भाकरी

“रत्ना! अगो, बैठक सुटाक इली आनी तू हांगा?” पत्र्याच्या खोलीत शिरताशिरताच पद्मावतीबाईंनी तोंड सोडलं.

वाटभर त्या शिव्यांचीच जुळवाजुळव करत आल्या होत्या. रत्नाने कर्ज मागितलं तेव्हाच बचत गटातल्या बायकांनी सांगितलं होतं, “बेळगावची बाई, नवरा बांधकामावरून पडून गेलेला. उद्या गाशा गुंडाळून गेली तर कर्ज कोण फेडणार?”

“मी मेलंय काय?” असं ठणकावून बाईंनी जामीन म्हणून सही ठोकली होती. शाळा दुसरीपर्यंतच, पण सही ठसठशीत. आज पहिला हप्ता, आणि रत्नाचाच पत्ता नाही!

“काकी, हात पिठात हैत बगा. सायटीवरनं एकदम साठ भाकऱ्या सांगितल्या. हप्ता काढून ठेवलाय डब्यात.”

बाईंनी खोलीभर नजर फिरवली. मार्चमध्ये ही बाई याच भिंतीला टेकून बसलेली असायची, समोर थंड चूल. आता गटाच्या कर्जातून घेतलेल्या शेगडीवर दोन तवे तापले होते. पिठाचा गोळा तिच्या तळव्याखाली फिरत फिरत ताटाएवढा होई. कडेला एक चीर नाही. दारात, मोप्याच्या सड्यावर, वरच्या कातळमाळावर, हॉटेल बांधणारे कामगार डबे घेऊन देवळातल्यासारखे गप्प उभे. पन्नास वर्षं चूल सांभाळलेल्या बाई बघतच राहिल्या.

“हफ्तो माज्याकडे दी. मी ठेयतंय.”

“नको काकी. मागताना मान खाली हुती. देताना माझं तोंड बगू दे की सगळ्यास्नी.”

ज्याचा हप्ता त्यानेच बैठकीत ठेवायचा, हा नियम बाईंनीच घातलेला.

“मगे ऊठ! तवे मी बघतंय.”

“ज्वारीची जमंल तुमास्नी?”

“माका विचारतंस? जा आधी!”

रत्नाने हात धुतले, केसांवरून पाणी फिरवलं, नोटा मुठीत घेतल्या आणि बैठक भरली होती त्या देवळाची चढण धरली.

बाईंनी पदर खोचला. तांदळाच्या भाकरीला सरावलेले हात. पहिली भाकरी परातीतच फाटली, दुसरी कशीबशी तव्यावर पडली.

“मावशी, ह्यो कुठला नकाशा?” रांगेतल्या भिकाजीने विचारलं.

“गोंयचो! गप खा!”

रांग हसली. दारातून चढणीवरची रत्ना अजून दिसत होती, ताठ. बाईंनी तिसरा गोळा घेतला आणि या खेपेला हात तिच्यासारखा फिरवून पाहिला.